दुमडणारा पाय

उजवा पाय पहिल्यांदा मुरगळला तेव्हा मी उत्तम खेळत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर पुष्कळ जणांनी म्हटलं, पोरीचं लक्ष नव्हतं. लक्ष पुरेपूर होतं. संगमनेरच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते आणि मुलींच्या खो-खो संघात खुंटावरून गर्रकन वळण्यात माझा हात धरणारी कोणी नव्हती. घरून साडी नेसून निघायचं, मैदानाच्या कडेच्या खोलीत पांढरा शर्ट आणि निळी अर्धी चड्डी घालायची आणि दिवेलागणीपर्यंत धावायचं, हा माझा नेम होता. अभ्यासात मी बरी होते. मैदानावर मात्र मला स्वतःबद्दल काडीची शंका नव्हती.

वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. आमचं मैदान काळ्या मातीचं. एरवी दर आठवड्याला त्यावर पाणी शिंपडायचे, रूळ फिरवायचे आणि ते चांगलं घट्ट, सपाट व्हायचं. त्या वर्षी प्यायच्या पाण्याचीच मारामार, तेव्हा मैदानावर पाणी ओता म्हणायला कुणाची जीभ रेटणार? माती वाळत गेली, तडकत गेली. ठिकठिकाणी बोटभर रुंद भेगा पडल्या आणि त्यांच्या कडा विटेसारख्या कडक झाल्या. आम्ही सगळ्या अनवाणी खेळायचो.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या डावात धावत होते. पाठलाग करणारी मुलगी अगदी पाठीशी आलेली. मी तिला डावीकडे हूल दिली आणि दोन बसलेल्या मुलींच्या मधून उजवीकडे घुसले. उजवं पाऊल भेगेच्या कडेवर पडलं. तळवा आत वळला आणि अंगाचं सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आलं. आतून कट्कन आवाज आला. मी पडले, उठले, पुन्हा पडले. मैत्रिणींनी दोन्ही बाजूंनी धरून घरी पोचवलं तेव्हा घोटा लिंबाएवढा सुजला होता. सकाळपर्यंत अख्खं पाऊल काळंनिळं झालं.

घर म्हणजे माझ्या आत्याचं. आमचं गाव प्रवरेच्या वरच्या अंगाला. तिथून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून वडिलांनी मला शिकायला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं होतं. आत्या विधवा, मूलबाळ नाही. राहत्या घरातच तिने खाणावळ काढली होती. दोन खोल्या, पुढे फरसबंदी अंगण, अंगणाच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला जेवणारांची पंगत. जेवायला विद्यार्थी, दोन-तीन मास्तर, कचेरीतले कारकून. त्या वर्षी रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी थापताना ती मिलोला शिव्या द्यायची, पण भाकरी अशी पातळ आणि गोल उतरायची की जेवणारे तक्रार विसरायचे. पन्नाशीची होती. आवाज खणखणीत. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

तिने माझा पाय मांडीवर घेतला, कोमट तेल लावलं आणि जोर लावून चोळला. मी किंचाळले.

"वरडू नको. शीर जाग्यावर बसाया पायजे," आत्या म्हणाली.

मग मिठाच्या गरम पाण्याचा शेक. मग आंबेहळदीचा लेप. शेवटी गल्लीतल्या एका पायाळू बाईला बोलावणं गेलं. ही जन्मताना पायाकडून बाहेर आलेली, त्यामुळे तिचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते अशी सगळ्यांची खात्री होती. माझी कंबर ठणठणीत आहे, घोटा दुखतोय, हे मी परोपरीने सांगितलं. तरी त्या बाईने माझ्या घोट्याला आपला अंगठा लावला, चहा घेतला आणि गेली.

सूज उतरायला आठवडा लागला. पाय टेकवता येऊ लागला, दुखणं कमी झालं आणि माझ्या मते विषय संपला. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असा माझा सरळ हिशोब होता. आमच्या खेळाच्या बाईंचाही तोच. बाई उंच, शिस्तीच्या, शिट्टी गळ्यात आणि घड्याळ उजव्या मनगटावर. त्यांनी विचारलं, "पळता येतंय?" मी म्हटलं, "येतंय." त्या म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस?"

महिनाभरात तोच पाय पुन्हा मुरगळला. या वेळी भेगबिग काही नव्हती, खुंटावरून वळताना आपसूक गेला. सूज पहिल्यापेक्षा कमी आली. मी पट्टी गुंडाळून लवकरच मैदानावर परतले. नंतर आणखी एकदा. मग असं होऊ लागलं की मैदानाची गरजच उरली नाही. जिना उतरताना, दगडावर पाय पडला की, कधी नुसतं मागे वळून बघताना घोटा बाहेरच्या बाजूला पडायचा आणि मी कशीबशी सावरायचे.

एका सकाळी पिठाच्या गिरणीतून डोक्यावर डबा घेऊन येत होते. रस्ता सपाट डांबरी. समोर ना गाडी, ना कुत्रं. पाय दुमडला आणि मी डब्यासकट आडवी. रेशनच्या ज्वारीचं पीठ रस्ताभर. त्या दिवसांत पीठ सांडणं म्हणजे केवढी गोष्ट! येणारे-जाणारे थांबून पिठाकडेच बघत होते, माझ्याकडे कुणी बघेना. वरवरचं भरून घेऊन मी घरी आले आणि आत्याच्या तोंडाला तोंड द्यायच्या तयारीने उभी राहिले.

ती रागावली नाही. माझ्या पायाकडे बघत राहिली.

"माज्यावानीच झाला तुजा पाय," ती म्हणाली.

तोवर मला ठाऊकच नव्हतं. आत्या सावकाश चालते, भिंतीला हात लावत चालते, हे मी पाहिलं होतं. वयाचं असेल, वजनाचं असेल असं समजून सोडून दिलं होतं. त्या दिवशी तिने सांगितलं. नवी नवरी असताना ती सासरच्या विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. डोक्यावर हंडा, पायरी शेवाळलेली. डावा पाय मुरगळला. दुसऱ्याच दिवसापासून कापणीला जावं लागलं, कारण सुगीचे दिवस होते आणि नव्या सुनेने बसून राहायची पद्धत नव्हती. तेव्हापासून तो पाय कधी दगा देईल याचा भरवसा राहिला नाही.

"कढत डाळीचं पातेलं म्या हातात घेत न्हाई. बघितलंस कदी?" ती म्हणाली. "जेवनारांलाच उचलाया लावते. त्येंला वाटतं, बाई लई हुकूम सोडती. आगं, अंगनात पाय गेला तर कुनाच्या तरी अंगावर डाळ सांडंल. लई भ्या वाटतं."

"मग इतकी वर्षं कुणाला दाखवलं नाहीस?"

"काय दावायचं? मोडल्याला न्हाई, तुटल्याला न्हाई. आपल्या घरान्यातच पाय कच्चे. तुज्या आजीचा बी असाच हुता."

मी त्या क्षणी ठरवलं की हे मी मान्य करणार नाही. आजीचा पाय कच्चा असेल, आत्याचा असेल. माझा कच्चा नव्हता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत याच पायावर मी सगळ्या संघाला झुलवलं होतं. चांगली वस्तू बिघडली असेल तर ती कशाने बिघडली ते कळायला हवं, आणि कळलं की दुरुस्त करता यायला हवी. तेव्हा माझं वय अठरा होतं, आणि या वयात माणसाला असं वाटतं ते एका परीने बरंच असतं.

थोड्याच दिवसांत बाईंनी संघ जाहीर केला. माझं नाव राखीव खेळाडूंतही नव्हतं. मी त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं.

"बाई, माझ्यापेक्षा चांगलं कोण धावतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"धावत असतेस तोवर चांगली. मध्येच बसकण मारतेस. परवा दोनदा मारलीस. मी कुणाच्या भरवशावर डाव लावायचा?" त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "पाय दुखतो का तुझा?"

"दुखत नाही. पण ऐकत नाही."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्या सुमारास खाणावळीत एक नवे डॉक्टर जेवायला येऊ लागले होते. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या विभागात काही वर्षं काढून त्यांनी संगमनेरला स्वतःचा दवाखाना थाटला होता. तिशी ओलांडलेली, लग्न व्हायचं होतं, स्वयंपाकाचा गंध नाही. बोलायचे कमी, पण जेवायचे मन लावून, त्यामुळे आत्याची त्यांच्यावर मर्जी होती. एका दुपारी पंगत उठून गेली होती आणि ते एकटेच उशिरा जेवत होते. मी ताक घेऊन उंबरा ओलांडला आणि पाय गेला. चौकट धरल्यामुळे मी पडले नाही. ताक सांडलं.

डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "हे नेहमी होतं?"

"होतं."

"पहिल्यांदा कधी झालं?"

मी सगळं सांगितलं. ते हात धुऊन आले आणि त्यांनी मला अंगणाच्या मधोमध उभं केलं. "डाव्या पायावर उभी राहा. हात छातीशी. आता डोळे मीट."

मी उभी राहिले. थोडी हलले, पण राहिले.

"आता उजव्यावर."

डोळे मिटायच्या आधीच माझा घोटा थरथरायला लागला. मिटले आणि लगेच दुसरा पाय टेकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला चांगलंच आश्चर्य वाटलं. पळणारी मुलगी मी, आणि मला जागच्या जागी उभं राहता येत नव्हतं!

"आता उकिडवी बस."

बसले. डॉक्टर वाकून माझ्या टाचांकडे बघत होते. डावी टाच जमिनीला टेकलेली, उजवी वर उचललेली. कित्येक आठवडे मी भांडी घासायला तशीच बसत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी दारातल्या माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. उजवीची बाहेरची कड झिजून पातळ झाली होती.

तोवर आत्या पदराला हात पुसत येऊन उभी राहिली होती. डॉक्टर दोघींना उद्देशून बोलले.

"घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिगामेंट असतात. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या म्हणा. हिच्या त्या पहिल्या वेळी ताणल्या, थोड्या फाटल्याही असतील. त्या जुळून येतात, पण त्यांना दिवस लागतात. आठवड्यात सूज उतरली म्हणजे दोऱ्या जुळल्या असं नाही. ही त्याच्या आधीच धावायला गेली. ज्याचा पाय एकदा मुरगळला त्याचा पुन्हा मुरगळण्याची भीती सगळ्यात जास्त, आणि घाईने परतला तर आणखी जास्त."

"मग दोऱ्या ढिल्या झाल्या म्हणून पाय पडतो?" मी विचारलं.

"थोडं ते आहेच. पण मुख्य भाग वेगळा आहे. पाऊल कसं पडलंय, किती कललंय ही खबर त्या दोऱ्यांतून आणि आसपासच्या स्नायूंतून मेंदूला जात असते. आपल्याला पत्ता नसतो, पण पाऊल कलायला लागलं की स्नायू लगेच आवळतात आणि सावरतात. तुझ्या पायाची ती खबर उशिरा पोचते. स्नायू जागे होईपर्यंत तू पडलेली असतेस. तू पायाला विश्रांती दिलीस, पण पुन्हा शिकवलं नाहीस."

"चोळलं हुतं की म्या," आत्या म्हणाली.

"मावशी, ताज्या मुरगळ्याला चोळायचं नसतं आणि गरम शेकही द्यायचा नसतो. पहिले दोन दिवस गार ओलं फडकं, पट्टी, आणि पाय उशीवर उंच."

आत्याचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. "आमी आशेच बरं झालो."

"बऱ्या झालात?" डॉक्टरांनी सहज विचारलं. ते रोज तिला भिंतीच्या आधाराने चालताना बघत होते.

आत्या वळून चुलीकडे गेली.

मी विचारलं, "ऑपरेशन?"

"पुण्यात करतात, ज्यांना कशानेच गुण येत नाही त्यांचं. तू आधी मी सांगतो ते कर. सगळ्यांना गुण येतो असं मी म्हणणार नाही. पण तू करण्यातली दिसतेस."

त्यांनी सांगितलेलं इतकं साधं होतं की मला आधी थट्टाच वाटली. सकाळी राखुंडीने दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं. जमलं की डोळे मिटून. भिंतीला हात टेकून, गुडघा पुढे आणि टाच जमिनीवर घट्ट ठेवून टाच टेकू न देणारी आखडलेली पोटरी ताणायची. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पावलात अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं. पुढे त्यांनी सुताराकडून एक फळी करून आणली. खाली मधोमध अर्धगोल लाकूड ठोकलेलं, त्यामुळे ती दोन्ही बाजूंना डुगडुगायची. तिच्यावर एका पायाने उभं राहून तोल सांभाळायचा. आणि धावणं सध्या बंद.

मी अंगणातच उभी राहायचे. जेवायला बसलेल्या विद्यार्थ्यांची करमणूक व्हायची. एकजण म्हणाला, "आता सर्कशीत जाणार का?" मी त्याला फळीवर चढवलं. तो तिसऱ्या श्वासाला खाली आला, आणि त्यानंतर माझी चेष्टा करणारे आधी गुपचूप फळीवर चढून बघू लागले. सुरुवातीला घोटा संध्याकाळी ठणकायचा. हळूहळू थरथर कमी झाली. उन्हाळा लागेपर्यंत मी फळीवर उभी राहून लसूण सोलू लागले होते.

एक दिवस कॉलेज लवकर सुटलं म्हणून मी दुपारीच घरी आले. अंगणात कोणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत आत्या दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून, डावा पाय जमिनीवर आणि उजवा वीतभर वर उचलून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मी हाक मारली तशी तिने पाय खाली ठेवला.

"काय बगतीस? कवाड गच्च झालंय का ते बगत हुते."

"एका पायावर?"

ती जराशाने हसली. मग खाटेवर बसली. "म्हातारपनी शिकंल का गं ह्यो पाय? विचार की त्येला."

मी डॉक्टरांना विचारलं. ते स्वतः आत जाऊन तिच्यासमोर बसले. "मावशी, तुमच्या पायाला बरीच वर्षं झाली. पहिल्यासारखा होईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण आहे त्यापेक्षा चांगला होईल. हात सोडायची घाई करू नका. आधी दोन हात, मग एक हात, मग एक बोट."

"आन् फळी?"

"फळी नको."

"बरं झालं. त्या फळीवर म्या चढले असते तर खानावळ बंद पडली असती."

त्यानंतर भाकरी थापून झाल्या की ती अंगणातल्या खांबाशी जायची. दोन हातांवरून एका हातावर यायला तिला उन्हाळा पुरला नाही. एका हातावरून एका बोटावर यायला पावसाळा गेला. मध्ये दोनदा तिने सोडून दिलं, एकदा कंटाळून, एकदा पाय खरंच मुरगळला म्हणून. त्या वेळी मात्र तिने तेलाच्या बाटलीला हात लावला नाही. गार पाण्याचं फडकं गुंडाळून, पाय उशीवर ठेवून, खाटेवरून ती खाणावळ चालवत होती आणि मी चुलीपुढे बसले होते. माझ्या भाकऱ्यांबद्दल जेवणारांनी काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

मग एके दिवशी पंगत बसली असताना आत्याने चुलीवरून डाळीचं पातेलं उतरवलं. नेहमीप्रमाणे एक विद्यार्थी उठायला लागला. आत्याने त्याला बस म्हणून खूण केली. फडक्याने पातेल्याचे दोन्ही काठ धरले आणि ती चालायला लागली. भिंतीला हात लावायला हात मोकळाच नव्हता. अंगणातली एक फरशी जरा उचललेली होती, तिच्यावर तिचं पाऊल पडलं. तिचा घोटा किंचित कलला आणि जागेवर आला. ती पंगतीच्या टोकापर्यंत गेली, पातेलं खाली ठेवलं आणि वाढायला लागली. जेवणारांना काय घडलं ते कळलंही नाही. डॉक्टर ताटात बघून जेवत होते, पण ते हसत होते. आत्याने त्यांना दोन पळ्या डाळ जास्त वाढली.

हे होण्याआधीच, जून-जुलैत पाऊस चांगला झाला, मैदान पुन्हा ओलं झालं. कॉलेज सुरू होताच मी बाईंकडे गेले. डॉक्टरांनी मला आधी सरळ पळायला, मग आठाच्या आकड्यात पळायला, मग उजव्या एका पायावर लंगडी घालायला परवानगी दिली होती. ते सगळं न थरथरता जमत होतं.

"बरी झालीस असं कोण म्हणतं?" बाईंनी विचारलं.

"मी म्हणते. डॉक्टरही म्हणतात. पण तुम्ही स्वतः बघा. एका पायावर उभी करा, डोळे मिटायला सांगा."

"त्याने काय कळणार?"

"सगळ्यांना उभं करा बाई. मग सांगते."

बाईंना हे थोडं उद्धट वाटलं असावं. पण त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं. पहिल्या झटक्याला ज्यांचे पाय टेकले, त्यांना मी विचारत गेले. जवळजवळ प्रत्येकीचा, ज्यावर ती उभी होती तोच पाय कधी ना कधी मुरगळलेला होता. एकीचा मात्र कधीच मुरगळला नव्हता, तरी तिला दोन्हींपैकी कुठल्याच एका पायावर उभं राहता येत नव्हतं. बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्याच मुलीला त्यांनी त्या वर्षी खुंटावर टाकायचं ठरवलं होतं.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुमचे ते डॉक्टर आणखी काय म्हणतात?"

मी सांगितलं. ताज्या मुरगळलेल्या पायाला खेळायला घाई करू नये, लंगडी घालता येईपर्यंत तर नाहीच. थकलेल्या पायाचे स्नायू उशिरा जागे होतात, म्हणून अवघड वळणांचा सराव आधी घ्यावा, शेवटी नाही. आणि मैदान. आमच्यापैकी बहुतेक जणींचे पाय गेल्या वर्षी शेवटच्या डावातच गेले होते, तेही त्या भेगाळलेल्या मातीवर.

त्याच आठवड्यात मैदानाच्या खड्ड्यांत मुरूम पडला आणि सरावाचा क्रम उलटा झाला. रोज सुरुवातीला सगळ्या मुली बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या राहू लागल्या. मुलांच्या संघाने हसून घेतलं. बाईंची एक नजर त्यांना पुरली.

त्या वर्षीचे सामने नगरला झाले. उपांत्य सामन्यात मी धावत होते. घोट्याला डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पट्टी बांधलेली. मागची मुलगी चपळ होती, तिने मला खुंटापाशी कोंडलं. मी हूल देऊन आतून वळले आणि उजवं पाऊल तिरकं पडलं. तो घोटा बाहेर जायला लागला हे मला स्पष्ट कळलं. आणि मी काही करायच्या आत पोटरीच्या बाजूचा स्नायू आवळला, पाऊल सपाट झालं, मी पुढे निघाले. दोन पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पडले नाही. मला त्या भर धावण्यात हसू आलं. पाठलाग करणारीला वाटलं मी तिला चिडवतेय, आणि चिडून तिने खो द्यायला उशीर केला. तो डाव आम्ही जिंकलो.

अंतिम सामना हरलो. समोरचा संघ आमच्याहून चांगला होता, एवढंच त्याचं कारण. आमच्यातली एकही मुलगी लंगडत मैदानाबाहेर आली नाही. बाईंनी परतीच्या बसमध्ये ही गोष्ट दोनदा बोलून दाखवली, आणि त्या एरवी हरल्यावर काहीच बोलत नसत.

पुढे मी स्वतः खेळाची शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. माझा उजवा घोटा डाव्यापेक्षा थोडा ताठ आहे, थंडीत तो आपलं अस्तित्व कळवतो. मधल्या वर्षांत एकदा बसमधून उतरताना तो पुन्हा मुरगळला. मी त्याला त्याचे दिवस दिले आणि मग पुन्हा शिकवलं.

डॉक्टरांचं लग्न त्या सामन्यांच्या वर्षीच, दिवाळीनंतर सोनईला झालं. मुलगी तिथलीच. आत्याला खास आमंत्रण होतं आणि ती माझ्याबरोबर एस.टी.ने गेली. मांडव शेतात घातला होता. जमीन नुकती नांगरलेली, कडेने मांडवाचे दोर आणि खुंट्या. मी आत्याचा दंड धरायला गेले.

"सोड," ती म्हणाली. "लोक म्हनतील म्हातारी लंगडी हाय."

ती ढेकळं तुडवत, दोरांवरून पाय उचलत सरळ स्वयंपाकाच्या जागेकडे निघाली. तिथे मोठ्या कढईतल्या आमटीची चव घेऊन तिने आचाऱ्याला मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि तो वाद घालायला लागला तेव्हा दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्यासमोर ठाण मांडून उभी राहिली.